बॉम्ब पडल्यावर चार तासांत

इतर खात्यांतल्या लोकांकडे घडलेल्या गोष्टींचे किस्से असतात. माझ्याकडे आहेत ते बहुतेक न घडलेल्या गोष्टींचे. हिंजवडीतल्या एका कंपनीत मी नऊ वर्षं ‘बिझनेस कंटिन्युइटी’ नावाच्या खात्यात होते. उद्या आग लागली, भूकंप झाला, पूर आला, तरी कंपनीचं काम कसं चालू राहील ते आधीच लिहून ठेवायचं, एवढंच आमचं काम. आम्ही तिघं होतो. साठे सर आमचे प्रमुख, तोफखान्यातून कर्नल म्हणून निवृत्त झालेले; सरहद्दीवर असताना पलीकडचे नकाशे पाठ करावे लागत, असं सांगायचे. वानखेडे चंद्रपूरचा, इंजिनिअर होऊन पुण्यात आलेला. आणि मी. नुसती संकटांची भाकितं लिहायची आणि घडत काहीच नाही, म्हणून बाकीचे लोक आम्हाला ‘पंचांगवाले’ म्हणायचे. तरी किस्से साठत गेले. आता सांगायला बसले तर कुठून सुरू करावं कळत नाही. ओळ क्रमांक त्रेचाळीसपासूनच करते.

*

आमचा क्लायंट म्हणजे इंग्लंडमधली एक विमा कंपनी. तिकडे कुणाच्या घरातला पाइप फुटला, छप्पर गळलं की त्याचा क्लेम पुण्यात बसून आमची मुलं निकालात काढायची. दर वर्षी ते लोक धोक्यांची यादी पाठवत. बेचाळीस ओळी होत्या, त्यात स्वाइन फ्लूपासून बससंपापर्यंत सगळं. एका वर्षी त्रेचाळिसावी ओळ आली : ‘शेजारी देशातील अण्वस्त्रे अतिरेक्यांच्या ताब्यात जाणे.’

“नाव का नाही लिहिलं?” वानखेडेने विचारलं.

“सभ्य लोक आहेत,” सर म्हणाले. “लिहीत नाहीत.”

प्रत्येक धोक्याला दोन आकडे द्यायचे असत. शक्यता किती आणि परिणाम किती, दोन्ही पाचपैकी. गुणाकार नऊच्या वर गेला की चौकोन लाल होई. सरांनी बराच वेळ स्क्रीनकडे बघितलं आणि परिणाम पाच, शक्यता तीन असं सांगितलं. लाल झालं.

दुपारी डिलिव्हरी हेडचा, म्हणजे क्लायंटचं सगळं काम बघणाऱ्या साहेबाचा, फोन आला. “क्लायंटला लाल दाखवायचं नाहीये. शक्यता एक करा.”

“कशाच्या आधारावर?” सरांनी विचारलं.

“नऊच्या खाली आणायचंय, त्या आधारावर.”

वानखेडेने तीनचा एक केला. चौकोन हिरवा झाला.

“झालं,” सर म्हणाले. “आता सगळे निर्धास्त झोपा.”

*

पुढचा रकाना होता, अशी घटना घडल्यावर काम किती वेळात पूर्ववत होईल? वानखेडेने ‘लागू नाही’ लिहिलं, सिस्टिमने घेतलं नाही. रिकामा सोडला, तेही चालेना. शेवटी यादीत होता तो सगळ्यात लहान पर्याय निवडला : चार तास.

लंडनमध्ये आमची कागदपत्रं तपासायला फरहाना नावाची बाई होती. जन्म पाकिस्तानातला. शिकायला म्हणून लंडनला गेली आणि तिथेच राहिली. तीन वर्षं आम्ही तिचा फक्त आवाज ऐकत होतो. फार बारकाईने वाचायची. तिने फोनवर विचारलं, “कॅन्टीनला आग लागली तर सहा तास आणि अणुबॉम्बला चार, हे कसं?”

वानखेडे माझ्याकडे बघायला लागला. मी सरांकडे.

“आगीनंतर अग्निशमन दलाची एनओसी लागते, मॅडम,” सर म्हणाले. “बॉम्बनंतर लागत नाही.”

मग ती म्हणाली, “ओके. चार तास.” आणि तिने तसंच लिहून घेतलं.

*

चार तासांनी काम सुरू होणार होतं ते नागपूरला. तिथे कंपनीचं एक छोटं ऑफिस होतं, साठ खुर्च्यांचं. पुण्यात आम्ही चौदाशे. म्हणजे साठ जणांची यादी करणं आलं. यादी गुप्त होती, त्यामुळे दोन दिवसांत सगळ्यांना कळली. ज्यांनी तीन वर्षांत आमच्या मजल्यावर पाऊल ठेवलं नव्हतं, ते “सहज आलो होतो” म्हणत येऊन बसायला लागले.

अकाउंट्समधल्या एकाने मला हळूच विचारलं, “माझं नाव आहे ना? मग बायकोचं कसं करायचं?”

“कंपनीची बस फक्त कर्मचाऱ्यांसाठी आहे.”

तो दारापर्यंत जाऊन परत आला. “तिने इथेच जॉइन केलं तर?” म्हणाला. त्याच्या बायकोने खरंच अर्ज केला. इंटरव्ह्यूत नापास झाली.

*

यादीत माझा नंबर सतरा होता. त्या संध्याकाळी कर्वेनगरला घरी मी नवऱ्याला सांगितलं. तो मटार सोलत बसला होता. आमची सई तेव्हा तिसरीत होती, तीही सोलत होती, म्हणजे निम्मे खात होती.

“नागपूरला जाऊन तू काय करणार?” त्याने विचारलं.

“क्लेम बघायचे.”

“कुणाचे?”

“इंग्लंडमधल्या लोकांचे. पाइप फुटला, कार्पेट भिजलं, असले.”

त्याने सईपुढची वाटी आपल्याकडे ओढली. मग म्हणाला, “म्हणजे इथे आम्ही दोघं गेलो, की तू तिथे बसून ते कार्पेट बघणार.”

चिडून बोलला असता तर मी भांडले असते. तो नीट समजून घ्यायला विचारत होता. सईने विचारलं, “आम्ही कुठे जाणार?” तिला काही सांगायच्या आधीच मी उठून कुकर लावला.

दुसऱ्या दिवशी सरांना म्हटलं, “माझं नाव काढा.”

“तुमच्या आधी एकतीस जण येऊन हेच सांगून गेलेत,” ते म्हणाले. “वानखेडे पहिला आला होता. मी कुणाचंच काढलं नाही. ऑडिटला साठ दिसायला हवेत.”

“पण वेळ आली तर आम्ही कुणी जाणार नाही, सर.”

“मला माहीत आहे,” सर म्हणाले. “बसा. चहा घेऊ.”

*

मग ड्रिल झालं. भर दुपारी माइकवरून घोषणा केली, साठ जणांना बसमध्ये बसवलं आणि घड्याळ लावलं. नागपूरला खरंच जायचं नव्हतं, हायवेला लागून परत यायचं होतं. त्या दिवशी नेमकं शेजारच्या दोन कंपन्यांनीही लोक लवकर सोडले. पाऊण तासात बस पहिल्या चौकापर्यंत गेली. दीड तास झाला तेव्हा आम्ही दुसऱ्या चौकात होतो आणि बसमधले अर्धे झोपले होते.

ड्रायव्हर जवळच्याच गावचा होता. त्याने वानखेडेला विचारलं, “कशाची प्रॅक्टिस हाय म्हनायची ही?”

वानखेडेने सांगितलं.

ड्रायव्हरने पुढच्या गाड्यांकडे बघितलं आणि इंजिन बंद केलं. “साहेब, ही समदी जमीन आमचीच व्हती. तवा रानातनं पळता तरी आलं असतं.”

आम्ही हायवेपर्यंत पोचलोच नाही. अहवाल मी लिहिला. ‘ड्रिल यशस्वी’ असं लिहिलं. माझी सही आहे त्यावर.

*

आणि मग एक दिवस बातमी आली. पाकिस्तानातल्या एका लष्करी तळावर अतिरेकी घुसले होते. टीव्हीवाले म्हणत होते, ‘ते’ तिथेच ठेवलेलं असतं. खरं-खोटं कुणालाच माहीत नव्हतं. कॅन्टीनमधला टीव्ही कुणीतरी मोठा केला आणि अर्ध्या तासात लोक आमच्या मजल्यावर यायला लागले. दारात, जिन्यात, नुसते उभे. अकाउंट्समधला तोही होता. आम्हाला पंचांगवाले म्हणणारे लोक, आणि आमच्याकडे असं बघत होते की जणू आम्हाला काही माहीत आहे.

“तुमचं काय ठरलंय?” एकीने विचारलं. तिला सातवा महिना होता.

सरांनी फाइल उघडली. त्रेचाळिसाव्या ओळीसमोर पहिली सूचना मीच टाइप केलेली होती : ‘क्लायंटच्या पुढील निर्देशांची वाट पाहावी.’

सरांनी ती वाचून दाखवली नाही. फाइल मिटली आणि म्हणाले, “ज्यांची मुलं शाळेत आहेत त्यांनी घरी जा. बाकीच्यांनीही जा. घरी फोन करा.”

लोक गेले. सर थांबले आणि मीही, कारण फरहानाचा कॉल ठरलेला होता. सईला शाळेतून आणायला नवरा गेला होता. मी का गेले नाही, याचं उत्तर मला अजून देता येत नाही.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी तळ सोडवल्याची बातमी आली. जे काय तिथे होतं ते जागच्या जागी आहे, असं सांगितलं गेलं. आठवड्याने डिलिव्हरी हेडने आमची मीटिंग घेतली. आम्हाला वाटलं, आता तरी शक्यतेचा आकडा वाढवतील.

“एक आहे ना तो,” तो म्हणाला, “शून्य करता येईल का? टेस्ट होऊन गेली ना आता.”

सिस्टिम शून्य घेत नव्हती, म्हणून एक राहिला. साठे सरांनी त्याच महिन्यात राजीनामा दिला. कारणाच्या जागी त्यांनी ‘वय’ लिहिलं.

*

पण त्या दिवशीच्या कॉलचं सांगायचं राहिलं.

फरहाना वेळेवर आली. सगळ्या पायऱ्या नेहमीच्याच आवाजात वाचल्या : पुण्यात किती हजर, नागपूर तयार आहे का, फोन चालू आहेत का. आम्ही उत्तरं दिली. तिने लिहून घेतली. कॉल संपायच्या वेळी ती थांबली आणि तीन वर्षांत पहिल्यांदा हिंदीत बोलली. “कर्नलसाहब, एक पर्सनल बात पूछूँ?”

“पूछिए.”

तिचे आई-वडील एकटेच राहत होते, त्या तळापासून थोड्याच अंतरावर. वडिलांचा गुडघा खराब, पण गाडी चालवायचे. “त्यांना निघा म्हणून सांगू का? आणि कुठल्या बाजूने? इथे मला कुणी सांगणारं नाही.”

सरांनी गावाचं नाव विचारलं. तिने सांगितलं. सरहद्दीजवळचं लहानसं गाव, मी कधी ऐकलंही नव्हतं. सरांनी डोळे मिटले. समोर ना नकाशा होता, ना कॉम्प्युटर.

“घर कालव्याच्या कुठल्या बाजूला?”

“पश्चिमेला. साखर कारखान्याच्या मागे.”

“कारखान्याच्या भिंतीला लागून एक कच्चा रस्ता कालव्याच्या कडेने दक्षिणेला जातो. त्याने जायला सांगा. सहा किलोमीटरवर डांबरी लागेल, तिथे उजवीकडे. वाटेत विटांची भट्टी आहे, तिच्यापाशी थांबू नका म्हणावं. आणि मोठ्या पुलावरून अजिबात नको. काही सुरू झालं तर तो पूल राहणार नाही.”

ती लिहून घेत होती, पेनचा आवाज येत होता. मग तो थांबला.

“तो कच्चा रस्ता तर आमच्या गल्लीबाहेर कुणाला माहीत नाही,” ती म्हणाली. “आप कभी आए थे हमारे यहाँ?”

सरांनी डोळे उघडले. समोरच्या टेबलाकडे बघत राहिले.

“नहीं, बेटा,” ते म्हणाले. “कभी नहीं.”