पदराखालचा सौदा

नांदेडच्या त्या डॉक्टरांवरचा माझा राग अजून गेलेला नाही. माणूस वाईट नव्हता. पण मी बैल घेताना आधी त्याचे दात बघतो, चालवून बघतो. माझ्या बायकोच्या अन्ननलिकेतली कॅन्सरची गाठ किरणांना दबणारी आहे का, हे न बघताच त्यांनी इलाज सुरू केला.

दुसऱ्याची गुरं राखता राखता मी कळमनुरीच्या बाजारात हेडी झालो, म्हणजे बैलांचा व्यापारी. आमच्यात भाव तोंडानं सांगत नाहीत. रुमालाखाली समोरच्याची बोटं दाबायची. पटलं नाही तर त्यानं हात काढून घ्यायचा. नव्या लग्नात गंमत म्हणून बायकोला हे शिकवलं, तर माहेरी किती दिवस राहायचं याची घासाघीस ती पदराखाली माझ्याशीच करायला लागली. मी चिडलो की म्हणायची, "बैल इकता इकता तुमी बी बैलच झाले." आता मी कितीही चिडलो तरी घरात कुणी काही बोलत नाही.

किरणं संपल्यावर काही आठवड्यांनी तपासणी झाली. गाठ होती तिथेच होती. भाकर सोडाच, दूधही अडकत होतं. मी डॉक्टरांच्या टेबलावर हात आपटला.

"काहून गेली न्हाई ती?"

ते शांतपणे म्हणाले, "किरणांनी पेशीतला डीएनए तुटतो, मग पेशी मरते. पण काही पेशींत तुटलेलं सांधणारी प्रथिनं जास्त असतात. त्या सावरतात. काहींत पेशीला मरायला लावणारं जनुकच बिघडलेलं असतं. शिवाय गाठीच्या गाभ्यात रक्त कमी पोचतं. तिथं ऑक्सिजन नसला की किरणांचा घाव पक्का बसत नाही. यांच्या गाठीत असंच काही झालं असावं."

"मग हे आधी बगायचं न्हाई का?"

"कुणाची गाठ दबेल हे आधी खात्रीनं सांगणारी तपासणी अजून आमच्याकडे नाही, काका."

"तर मंग अजून किरणं द्या."

"आजूबाजूचा भाग सहन करणार नाही."

दोनच वाटा उरल्या होत्या. मुंबईला जाऊन दुसरी औषधं घ्यायची, पण त्यांची फार आशा नव्हती. नाहीतर गळ्यातून नळी बसवायची, म्हणजे पातळ तरी पोटात जाईल, आणि घरी जायचं. मी मुंबई धरून बसलो.

बायको शेजारीच होती. मी तिच्या पदराखाली हात घातला आणि तिची दोन बोटं दाबली. मुंबईत दोन महिने. ती हलली नाही. मग एकच बोट दाबलं. उभ्या आयुष्यात मी कुणापुढं इतक्या लवकर उतरलो नव्हतो. तिनं हात काढून घेतला.

बाहेर आल्यावर बसलेल्या आवाजात म्हणाली, "तुमाला भांडायला डॉक्टर पायजे. मला माझं घर पायजे."

नळी बसवली आणि आम्ही गावी आलो. दुसऱ्या दिवशी तिनं कुणाचं न ऐकता चुलीपुढं बसून ज्वारीची भाकर केली. ताट माझ्यापुढं सरकवलं. स्वतः वाटीभर पेज घेऊन समोर बसली.

"खा. मी बगते."

मी तुकडा मोडला.

"असं न्हाई. कडंचा घ्या, कडक. चावल्याचं आयकू येऊ द्या मला."

मी कडेचा तुकडा घेतला आणि चावत राहिलो. घास काही केल्या उतरत नव्हता. पण ती माझ्या गळ्याकडं टक लावून बघत होती, म्हणून गिळला.