चिठ्ठीमास्तरांची थोरली

थोरलीचे बाबा बोल्टच्या कारखान्यात तपासनीस होते. पेटी समोर आली की मान वळवायची, डोळे मिटायचे आणि तळापर्यंत हात घालून लागेल तो बोल्ट काढायचा. बघून काढला तर माणूस नकळत चकचकीतच उचलतो, असं ते म्हणायचे. खरंच होतं ते.

एकदा साहेबांनी वरच्या थरातलेच बोल्ट तपासायला सांगितले. बाबांनी साफ नकार दिला, दुसऱ्याने मुकाट्याने तपासले. त्या बोल्टांनी जोडलेली शिडी निखळली आणि एक वेल्डर कायमचा अंथरुणाला खिळला. मालकाने चौकशी समिती नेमली, तीही आपल्याच मर्जीतली. समितीने सगळा दोष वेल्डरच्या माथी मारला.

त्या दिवसापासून बाबांच्या डोक्याने जे घेतलं ते घेतलं. निवडणारा आला की खोट आलीच. मग समिती काय नि सरकार काय! निवडणुका बंद करा, राज्य करणारी माणसं चिठ्ठ्या टाकून काढा. लोक हसले, त्यांना चिठ्ठीमास्तर म्हणू लागले. पण वाद घालायला गेलेला प्रत्येक जण हात टेकून परतला, कारण बाबांच्या तर्कात कुठे फटच नव्हती. थोरलीला याचा केवढा अभिमान! बाबांशी वाद घालत घालतच ती गणितात पुढे गेली होती.

मग आत्याने निरोप धाडला, की माझ्याकडे शिकायला एकाच पोराची सोय होईल. धाकट्याला अभ्यासाचा कंटाळा, थोरली बॅग भरायला बसलेली. बाबांनी दोन चिठ्ठ्या केल्या.

"अहो, पोरीच्या तोंडाकडे बघा तरी," आई म्हणाली.

"बघायचं नाही, तेच तर!"

"बाबा, कुणाला जायचंय एवढं तरी विचारा," थोरली म्हणाली.

"विचारलं की वशिला सुरू होतो, बेटा."

धाकट्याचं नाव निघालं. तो वर्षभरात शिक्षण सोडून हात हलवत परत आला. तोवर थोरली बाबांच्याच कारखान्यात बोल्टच्या पेटीत हात घालायला लागली होती. "पद्धत बरोबरच होती," एवढंच बाबा म्हणाले. तिने त्यांना माफ केलं नाही. नुसतं एकदा म्हणाले असते, की माझ्या मनात तूच होतीस, तरी तिला पुरलं असतं.

पुढे आई गेली, बाबांचे गुडघे गेले. त्यांना सांभाळायचं कुणी, हे ठरवायला दोघं भावंडं बसली. थोरलीने दोन चिठ्ठ्या एका वाटीत टाकल्या आणि वाटी बाबांपुढे धरली.

बाबांनी डोळे मिटले नाहीत. तिच्याकडे बघत राहिले.

"मला कुठे राहायचंय, विचार ना."

"विचारलं की वशिला सुरू होतो, बाबा."

त्यांच्या हाताला थोरलीचीच चिठ्ठी लागली. ते लहान मुलासारखे हसले. तिने त्यांना घरी आणलं, खिडकीजवळची खाट दिली, औषधाची वेळ कधी चुकवली नाही. चिठ्ठी टाकली नसती तरी तिनेच त्यांना आणलं असतं. हे मात्र तिने त्यांना अखेरपर्यंत सांगितलं नाही, आणि त्यांना तर विचारायचीही चोरी होती.