फ्लेक्सवरची डॉक्टरीण

माझ्या वडिलांनी जालन्याच्या त्या खासगी संस्थेत सगळं विचारलं. एसटी दारात थांबते का, पोरं-पोरी वेगळ्या बसतात का, ॲप्रन कोण देणार. सगळं बराबर निघालं. या कोर्सला सरकारची मान्यता आहे का, एवढं एक विचारायचं राहिलं.

तसा माझा नंबर औरंगाबादच्या सरकारी कॉलेजात लागला होता. भूल देण्याच्या तंत्राची पदवी. भूल डॉक्टर देतात. पण मशीन तपासायचं, औषधं भरून ठेवायची, नळी वेळेवर हातात द्यायची, हे काम टेक्निशियनचं. मला तेच व्हायचं होतं. वडील म्हणाले, "तितं हॉस्टेलात कशाला ऱ्हायचं? जालन्यात बी तेच शिकवून राह्यलेत. सकाळी जाय, सांजच्याला घरी ये." मी त्यांना म्हणाले, दादा, ते सरकारी आहे. कुणी ऐकलं नाही, आणि मी दुसऱ्यांदा बोलले नाही. त्याचा राग मला स्वतःवरच जास्त येतो.

कोर्स संपला आणि आमच्या गावात, हसनाबादच्या चौकात फ्लेक्स लागला. ॲप्रनमधला माझा फोटो, वर 'भूलतज्ज्ञ डॉक्टर झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन' आणि खाली शुभेच्छुकांची डझनभर तोंडं. मी म्हटलं, अहो, मी डॉक्टर नाही! वडील म्हणाले, "असू दे की, लोकांला काय कळतंय." पुढं तो फ्लेक्स घरी आला आणि सोयाबीनच्या ढिगावर पडला. चार पावसाळे माझ्याच तोंडानं सोयाबीन झाकलं.

सतरा वर्षं जालन्यात खासगी दवाखान्यात काढली. सिरिंज भरली की तिला चिकटपट्टी लावायची, त्यावर पेनानं औषधाचं नाव लिहायचं, मगच ट्रेमध्ये ठेवायची. माझ्या हातून एकदाही चूक झाली नाही. नवे डॉक्टर गोंधळले की आधी माझ्याकडं बघायचे. मग यंदा सरकारी दवाखान्यात टेक्निशियनची जागा निघाली. वयाच्या अटीत बसायची माझी ही शेवटचीच खेप. लेखी परीक्षा पास झाले. कागदपत्रं तपासणाऱ्या साहेबांनी सर्टिफिकेट उलटंपालटं केलं आणि म्हणाले, "मॅडम, ही संस्था यादीतच नाही."

"साहेब, सतरा वर्षांचा अनुभव आहे."

"अनुभव नंतर. आधी पात्रता." आणि पुढच्या नावाला हाक मारली.

ती जागा मिळाली कुणाला, तर जिला सिरिंजवर पट्टी कशी लावायची हे मीच शिकवलं, त्या मुलीला. चांगली आहे बिचारी. पेढे घेऊन आली. मी खाल्ला. काय करता!

त्या रविवारी गावी गेले, घरी सांगावं म्हणून. तर ओट्यावर शेजारचे काका बसलेले, सोबत त्यांची बारावी झालेली लेक. वडील त्यांना समजावून सांगत होते, "डोळे झाकून त्याच संस्थेत घाला. एस्टी अजून बी दारातच थांबते. आमची बघा, कशी डॉक्टर झाली."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "काका, बिलकुल घालू नका. माझं सर्टिफिकेट रद्दीत घालायच्या लायकीचं आहे. त्याच्यापायीच मला सरकारी भरतीतून बाद केलंय. तिचा सरकारी कॉलेजात नंबर लागत असेल तर तिकडंच पाठवा, लांब असलं तरी."

वडिलांनी मान खाली घातली. पोरगी माझ्याकडं बघत राहिली.

काका उठले, टोपी झटकली. "वा, डॉक्टरीणबाई! स्वता शिकून मोठी झाली, अन् दुसऱ्याची लेक पुढं जाऊन राह्यली तर पोटात दुखतंय व्हय?"

आता ती पोरगी रोज सकाळच्या एसटीनं जालन्याला जाते. त्याच संस्थेत. गावच्या स्टँडवर समोरासमोर आलो की ॲप्रनची पिशवी छातीशी धरते आणि तोंड फिरवते.