दुसरा फॉर्म

मुलीच्या कॉलेजच्या फॉर्मवर फोटो चिकटवायला डिंकाची बाटली उघडली आणि त्या आंबूस वासाने मला थेट कोलशेतच्या आमच्या आठवीच्या वर्गात नेऊन बसवलं.

नव्या बाईंनी टेबलावर डिंक आणि फॉर्म ठेवले. "स्कॉलरशिपवाल्या मुलींनी उभं राहा." स्कॉलरशिपवाल्या म्हणजे कोण, ते सगळ्या वर्गाला ठाऊक होतं. माझ्याच चाळीतली सुजाता लगेच उठली. मी बसून राहिले. माझ्या बाकावरच्या मुली रोज माझ्या डब्यात हात घालायच्या; उठले असते तर घातला असता का, कोण जाणे. मी मान खाली घालून वहीतली समासाची रेघ पुन्हा पुन्हा गिरवत राहिले.

"एकटीच का गं तू?" बाईंनी विचारलं.

सुजाताने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "हो बाई. पण दोन फॉर्म द्या ना, माझ्याकडून एक खराब होतोच."

सगळा वर्ग हसला.

संध्याकाळी ती आमच्या दारात आली आणि दुसरा फॉर्म आईच्या हातात दिला. "काकू, हिचा राहिलेला." एवढंच बोलून गेली.

त्या फॉर्मवर मी शिकले, आज शिक्षिका आहे. न उठल्याची लाज मी कधीतरी नवऱ्याजवळ बोलूनही दाखवली आहे. तेव्हा लहान होतीस, असं तो म्हणतो.

पण वर्ग सुजाताला हसला, तेव्हा मीही हसलेले, अगदी मोठ्याने. ते मी त्याला अजून सांगितलेलं नाही.