ठमाबाईच्या टोपलीतली सासू

ठमाबाई कोपरीची. नवरा पंढरी मिठागरावर कामाला, आणि ही ठाण्यात जांभळी नाक्यावर टोपली मांडून बसायची. उन्हाळ्यात करवंदं-जांभळं, थंडीत बोरं-पेरू. आवाज असा खणखणीत, की गिऱ्हाईक लांबूनच वळायचं. जे वळायचं नाही, त्याच्या सात पिढ्या निघायच्या.

गोष्ट अठराशे नव्वदच्या आसपासची. करीमदाद नावाचा एक काबुली दर थंडीत हिंग आणि सुकामेवा घेऊन आगगाडीने ठाण्यात यायचा. त्या वर्षी त्याने कापसात गुंडाळलेली सफरचंदंही आणली. पण त्याचा सहा फुटी देह आणि भली मोठी पगडी बघून बायका लांबूनच पदर सावरून जायच्या. शेवटी त्याने ठमाबाईला गाठलं. म्हणाला, "बाई, माल माझा, आवाज तुझा."

ठमाबाईने फळं उलटीपालटी करून बघितली. "सगली सारकी नाय दिसत रं."

"तीन जाती आहेत," करीमदाद मोडक्या मराठीत सांगू लागला. "हे लाल गालांचं, आमच्या काबूलकडचं. हे वासाचं, काश्मीरचं अंबरी. आणि हे हिरवं कुलूच्या डोंगरातलं. तिथे साहेबाने विलायतेची कलमं लावली. याला साहेब लोक पिपिन म्हणतात. फार आंबट. शिजवून खायचं."

"आनि पयलं झाड कुठलं?"

"आमच्याही पलीकडच्या डोंगरातलं. तिथे सफरचंदाची रानंच्या रानं. कोणी लावलेली नाहीत. अस्वलं खातात."

"मंग आमच्या करवंदासारकंच की!" ठमाबाई म्हणाली, आणि तिची भीड चेपली.

नावं मात्र तिच्या जिभेवर बसेनात. मग तिने आपलीच नावं ठेवली. लाल गालांची ती नवरी. घमघमणारी ती अंबाबाय. आणि हिरवी, टणक, चावल्यावर डोळ्यांत पाणी आणणारी ती सासू.

दोन दिवसांत ही नावं बाजारभर झाली. बायका हसत हसत यायच्या. "दोन नवऱ्या दे गं." "सासू नको बाई, घरात एक आहे." पण खरा खप सासूचाच होऊ लागला. सासू चिरायची, गुळात घालायची आणि चुलीवर रटरट शिजवायची, यात ठाण्याच्या सुनांना काय समाधान मिळत होतं ते त्यांनाच ठाऊक.

एका वकिलांची सून मालन हीदेखील मुरंब्यासाठी सासू घेऊन गेली. शेजारणीने विचारलं, "काय करतेस गं?" मालन चुलीपाशी बसून म्हणाली, "सासू शिजवतेय." नेमक्या त्याच वेळी तिच्या सासूबाई, गोदूबाई, मागच्या दाराने आत आल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोदूबाई जांभळी नाक्यावर हजर! मागे मान खाली घालून मालन.

"काय गं, हे नाव तू ठेवलंस?"

"व्हय."

"का?"

"कच्ची खाल्ली तर दात आंबतान, बाय."

बाजार हसला. गोदूबाई लालबुंद झाल्या. "आजच्या आज नाव बदल! वकिलाच्या घरात राहते मी, लक्षात ठेव."

ठमाबाईने हात जोडले आणि हिरव्या फळाला पिपिन म्हणायला लागली. तिच्या तोंडी त्याचं पिपाणी झालं. पिपाणी कोणाला हवी? फळं तशीच पडून राहिली.

तेवढ्यात गोदूबाईंचं पोट बिघडलं. वैद्यांनी नाडी बघून सांगितलं, "सफरचंद शिजवून द्या, पोटाला हलकं असतं, ढाळ थांबवतं. बरं वाटल्यावर सालीसकट कच्चं खा, म्हणजे कोठा साफ राहील. हे फळ वकिलासारखं आहे, दोन्ही बाजूंनी बोलतं."

मालनने मुकाट्याने मुरंब्याची बरणी काढली आणि पाक निथळून दोन फोडी वाटीत दिल्या. गोदूबाईंनी एक खाल्ली, दुसरी खाल्ली, मग वाटी पुढे केली. "अजून आहे?"

"आहे ना. पण..."

"पण काय?"

"सासूचा मुरंबा आहे. तुम्ही रागावाल म्हणून लपवून ठेवला होता."

गोदूबाई इतक्या हसल्या की पोट धरून परत आडव्या झाल्या.

बरं वाटताच त्या पुन्हा नाक्यावर आल्या. "ठमे, सासू दे चार."

"पिपाणी, बाय."

"सासूच म्हण. आणि लोकांना सांग, नीट शिजवली तर गोड होते. घाईत करपते."

त्या दिवशी सूर्य मावळायच्या आत टोपली रिकामी झाली. एक नवरी तेवढी ठमाबाईने पदरात बांधून घरी नेली. इतके दिवस विकली, पण चाखली नव्हती. पंढरीने विळ्याने दोन भाग केले, एक तिला दिला आणि दुसरा डोळे मिटून सावकाश चावला.

"कसं लागतं?" तिने बिया थुकत विचारलं.

"गोड हाय," पंढरी म्हणाला. "पन बिया कुठं थुकल्यास? परसात टाकू, बघू काय येतं ते."