रेघेवर अडकलेलं पिंपळगाव

एका बाईचं गाव मी अर्धं करून टाकलं होतं, आणि वर तिलाच म्हटलं होतं, "वाचत बसू नकोस, माझ्या हातचा कागद आहे." ही कबुली आधीच देऊन टाकते, म्हणजे पुढचं सांगताना मला शहाणपणाचा आव आणता येणार नाही.

तेव्हा मी पंचेचाळिशीची होते. कचेरीसमोरच्या पत्र्याच्या शेडमध्ये माझं टेबल होतं. त्यावर आधी मराठी टाइपरायटर होता, मग कॉम्प्युटर आला. टाइपिंग मी जालन्यात शिकले. आमचे सर रूळ घेऊन पाठीशी उभे असायचे. मजकूर संपल्यावर कुणी विनाकारण स्पेस मारली की रूळ बोटांवर. त्यामुळे शेवटचं अक्षर उमटलं की माझा अंगठा आपोआप हवेत उचलला जायचा. या वळणाचा मला भारी गर्व. कुणी बघत उभं राहिलं तर मी उगाच वेग वाढवायची. आज त्या वेळच्या मला भेटता आलं असतं तर म्हटलं असतं, हळू गं, कुणी बक्षीस देत नाहीये.

तर, कुंभार पिंपळगावची एक तरुण बाई आली. तिच्या गावच्या अंगणवाडीत मदतनिसाची जागा निघाली होती. अट एकच कडक: अर्जदार त्याच गावची हवी. घरापासून शंभर पावलांवरचं काम. मिळालं असतं तर दरवर्षीचं ऊसतोडीला जाणं सुटणार होतं आणि दोन्ही पोरींची शाळा एका जागी राहणार होती. हे सगळं ती सांगत होती आणि माझी बोटं धावत होती. फॉर्ममध्ये गावाची चौकट सगळ्यात शेवटी. इंग्रजी अक्षरं दाबायची, मराठी उमटायचं, अशी सोय होती. कुंभार पिंपळगाव. पडद्यावर स्पष्ट दिसलं, माऊसनं खालचं 'जतन करा' दाबलं, छापलं, स्टेपल मारलं आणि तिला ते वाचू नकोसचं वाक्य ऐकवलं.

शेवटच्या तारखेला दुपारी ती घामाघूम होऊन परत आली.

"बाई, हे 'कुंभार' कोणतं गाव हाय? सायब म्हणले, आसं गावच न्हाई यादीत. पाच वाजेपत्तर नीट करून आणा, न्हाई तर अर्ज बाद."

मी कागद पाहिला. नुसतं कुंभार. पिंपळगाव गायब.

"मी टाकलं होतं. डोळ्यांनी पाहिलंय," मी म्हणाले. पुन्हा टाकलं, पुन्हा जतन केलं. कुंभार. तिसऱ्यांदा केलं. कुंभार. मग मी विजेला दोष दिला, व्हायरसला दिला, शेवटी त्या बिचारीच्या गावाचं नाव लांबलचक आहे म्हणून गावालाही दिला. ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिली.

शेजारच्या टेबलावर आपा बसायच्या. माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या. उर्दू आणि मराठी दोन्ही टाइप करायच्या, लग्नपत्रिकेपासून प्रतिज्ञापत्रापर्यंत. त्या उठून माझ्यामागे आल्या.

"माऊसवरचा हात काढ. फक्त गाव टाक आन् थांब."

मी टाकलं आणि थांबले. तेव्हा पहिल्यांदा मला दिसलं, की 'कुंभार'खाली काही नाही, पण 'पिंपळगाव'खाली बारीक रेघ आहे.

"ती रेघ दिसून राह्यली का? तो शब्द चौकटीत गेलाच न्हाई अजून. बैलबाजारात दलाल रुमालाखाली बोटं धरतो, तसा इंग्रजीचं मराठी करणारा प्रोग्राम मधी बसलाय. हात बाहेर येईपत्तर सौदा पक्का न्हाई. तू स्पेस मारली की दलाल चौकटीला म्हणतो, घे, शब्द पक्का. 'कुंभार'ला तू स्पेस मारली, 'पिंपळगाव'ला न मारताच उठून चाल्ली."

"मग बाकीच्या चौकटी कशा भरल्या?"

"तिथं तू पुढं जायला टॅब दाबते. त्यानंबी पक्का होतो. ही आखरी चौकट, इथून तू सरळ माऊसवर. काही चौकटी जाणाऱ्याच्या हातातलं उतरवून घेतात, ही फेकून देती."

तेव्हा उजेड पडला. हसनाबाद, केदारखेडा अशी एका शब्दाची गावं असली की मशीन 'गाव रिकामं आहे' म्हणून अडवायचं. मी गाव पुन्हा टाकून चिडून स्पेसवर अंगठा आपटायची आणि मग ते घ्यायचं. मला वाटायचं, धाकानं घेतलं.

वेळ नव्हता, तरी मी एक वेडेपणा केला. शब्द रेघेवर ठेवून अख्खी खिडकी पडद्याच्या कोपऱ्यात सरकवली. शब्दाखाली लटकलेली पर्यायांची छोटी यादी पाठोपाठ तिथं गेली.

"आपा, हिला कसं कळलं?"

"चौकट दलालाला सांगती ना. माझा कर्सर इथं हाय, तू इथं ये. दर बटणाला त्यांचं बोलणं चालू असतंय. पासवर्डची चौकट तर सांगती, माझ्याकडं येऊच नको."

मी अंगठ्यानं स्पेस दाबली. अगदी हळू, देव्हाऱ्यातली समई लावावी तशी. रेघ पुसली गेली आणि पिंपळगाव कुंभाराशेजारी जाऊन बसलं. इतकी वर्षं मला वाटत होतं की बोट आणि अक्षर यांच्यामध्ये काही नसतं. टाइपरायटरवर नव्हतंच, दांडी उठायची, शाईची फीत मारायची, संपलं. इथं माझ्या बोटापासून अर्ध्या हातावर कुणीतरी माझा शब्द ओंजळीत धरून उभं होतं, कच्चा आहे म्हणून सांगत होतं, माझ्या होकाराची वाट बघत होतं, आणि हे सगळं पापणी लवायच्या आत. शेजारच्या टेबलावर आपांचं उजवीकडून लिहिलं जाणारं उर्दूही अशाच ओंजळीत येऊन बसायचं. मी ज्याला माझा वेग म्हणत होते, तो या अदृश्य माणसांच्या तत्परतेवर उभा होता, आणि मी त्यांना रोज अर्ध्या वाक्यात सोडून जात होते.

या वेळी छापलेला कागद मीच तिच्या हातात दिला. "वाच," म्हटलं. तिनं बोट ठेवून शेवटपर्यंत वाचला आणि पदर खोचून कचेरीकडे पळाली. पाच वाजायला वीस मिनिटं होती.

दोन महिन्यांनी ती आली, नेमणुकीच्या पत्राची झेरॉक्स काढायला. पेढे आणले होते. आधी आपांना दिले, मग मला. मी तोंडातल्या तोंडात माफी मागितली. ती पत्राची घडी घालत म्हणाली,

"राग न्हाई बाई माझा तुमच्यावर, बिलकुल न्हाई. पर पुढच्या बारीला फारम मी आपाच्याच टेबलावर भरीन."