नदीतला सॅल्मन

काल लेकीने सॅल्मन ओव्हनमध्ये ठेवला आणि त्या वासाने मी दुबईच्या इंटरनॅशनल सिटीतल्या आमच्या जुन्या फ्लॅटमध्ये पोचले. मंदीत विजयची, माझ्या नवऱ्याची, कंपनी बंद पडली होती. त्याच्या साहेबाने कायमचं कॅनडाला परतताना फ्रीझर रिकामा केला आणि सुट्टीत स्वतः पकडलेला सॅल्मन आम्हाला दिला. "अंडी घालायला नदीत चढलेला आहे, चवीची खात्री नाही," असंही सांगितलं.

कापला तर मांस फिकट, भुसभुशीत. मी टाकणारच होते, पण राहायला आलेल्या सासूबाईंनी हात धरला.

"एवढं पोहून आल्यावर अंगात काय उरणार गं त्याच्या? वाटण मी करते."

नुसता भाजला असता तर तो खरंच बेचव लागला असता. त्यांच्या तिरफळं-कोकमाच्या कालवणात मात्र मऊ होऊन छान मुरला. कित्येक दिवस नीट न जेवलेल्या विजयने तीनदा भात घेतला आणि बोटं चाटत म्हणाला, "इतक्यात नको जायला. अजून महिनाभर बघू."

मला रागच आला, कारण भारतात परतायचं म्हणून मी बॅगा भरायला घेतल्या होत्या. चार महिन्यांनी त्याला शारजात नोकरी लागली. त्या दुपारी माझं कुणी ऐकलं नाही, याचं आता बरं वाटतं.